मिठाचा अंदाज

आईचं नाक गेलं, गेल्या पावसाळ्यातल्या तापात.
ताप उतरला, नाक काही परत आलं नाही.
"कोम्बोल्चाच्या बसने गेलं असेल," ती म्हणते,
"उताराला लागलेलं कधी वर चढून येतं का?"

म्हणून कांदा ती आता कानाने शिजवते.
पातेल्यात तेल नाही, पाणी नाही,
नुसता बारीक चिरलेला लाल कांदा
आणि खाली कोळशाची मंद धग.
आधी तो कुरकुरतो,
मग पाणी सोडतो, रडत राहतो बराच वेळ,
मग गप्प.
"गप्प झाला की तेल," आई म्हणते,
"रडणाऱ्याच्या तोंडात काही ओतू नये."

दार सताड उघडं.
तोस्सा डोंगरावरचा गारठा आत येऊन
शेगडीपाशी हात शेकत बसलाय.

बेर्बेरे पडतं. आता माझं काम.
"सांग वुबशेत, वास कुठवर आला?"
मी दिवसभर बजाज हाकणारा माणूस.
मला पेट्रोल कळतं, भिजलेली ताडपत्री कळते,
प्रवाशाच्या मांडीवर कोंबडी आहे
हे मागे न बघता कळतं.
पण तिखट कच्चं आहे की परतलं,
हे कुठल्या शब्दांत सांगतात?
"आत्ता... नवं पोतं उघडल्यासारखा."
"थांब."
"आत्ता उन्हात राहिलेल्या चामडी पट्ट्यासारखा."
"अजून थांब. हलवत राहा."
"आत्ता... बाबा शुक्रवारी घरी यायचे,
आणि दारातूनच..."
"पाणी घाल," आई म्हणते.
एकदम. पळी माझ्या हातून घेऊनच.

माझं वाक्य तिथेच राहतं.
त्याच्यावर बटाटे पडतात, गाजराचे जाडे तुकडे,
दोन टोमॅटो, बोटाने चिरडलेले.

तेवढ्यात भिंतीपलीकडून झेयनेबा ओरडते,
"असेगेदेच! लसूण राहिला!"
नसलेल्याचाही वास येतो तिला.
आई लसूण टाकते आणि भिंतीला शिवी देते,
प्रेमाची, मोजून एक.

उरतं मीठ.
हुदादेचा उपास. नऊ वाजेपर्यंत तोंडात थेंब नाही,
आमचे नऊ, ऊन कलल्यावरचे.
एरवी याची सोय असते:
आमच्या उपासात झेयनेबा चाखून सांगते,
तिच्या रमजानात आई.
वीस वर्षं दोन घरांचं मीठ
एकमेकींच्या जिभेवर चाललंय.
यंदा चंद्राने घोटाळा केला.
दोन्ही उपास एकाच महिन्यात येऊन बसले
आणि सगळ्या गल्लीत
कुणाचं खारट, कुणाचं अळणी.
परवा तर डिकनच्या घरची डाळ कुत्र्याने हुंगून सोडली.

आईचं नाक गेलं तरी मीठ तिला कळतं,
जीभ शाबूत आहे.
पण शाबूत जिभेला कुलूप आहे.

शेवटी झेयनेबा नातीलाच भिंतीवरून अलीकडे सोडते.
इक्राम. वय चार. एका पायात चप्पल.
आई पळीतला थेंब फुंकून फुंकून
तिच्या तळव्यावर ठेवते,
आणि आम्ही तीन थोर माणसं
एका एवढ्याशा जिभेकडे बघत उभे.
ती चाटते. विचार करते.
पुन्हा चाटते, पार मनगटापर्यंत.
"अजून," म्हणते.

आई मिठाच्या डब्याकडे बघते,
झेयनेबा पातेल्याकडे.
मीठ अजून, की वट अजून,
हे विचारेपर्यंत पोर
उरलेली चप्पल टाकून मांजरामागे.

नवाला अजून तासभर आहे,
मग्रिबला साडेचार.
तेफची इंजेरा टोपलीत घडी घालून झोपली आहे,
झेयनेबाच्या संध्याकाळची वाटी आई आधीच बाजूला काढते.
मग कोरारिमाचे चार दाणे कुटते,
मुठीतच हुंगते, सवयीने,
आणि माझ्याकडे बघते.
"आहे," मी म्हणतो, "येतोय."

ती मिठाची चिमूट उचलते.
थांबते.
अर्धी परत डब्यात टाकते.